कन्हारीवरचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या अनुभवाविषयी शंका घेण्याची माझी पात्रता नाही. पण पूर्वजांच्या काळी मातीची घरे आणि पंचांसमोरची लग्ने होती, म्हणून ही म्हण दोनच कलमांवर थांबली असावी. मी तिला एक तिसरे कलम जोडू इच्छितो: आणि खटला पाहावा लढून. त्यातही घर बांधून झाल्यावर ते बांधणाऱ्याशीच खटला लढावा लागला, आणि तो बांधणारा आपलाच जुना विद्यार्थी निघाला, तर माणसाच्या वाट्याला जे शहाणपण येते ते चारधाम करूनही येत नसेल.

आमचे गाव केशोरी. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. १९९९ सालापर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्याचे होतो. जिल्हा बदलला, पण धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि पावसाळ्यातला चिखल होता तिथेच राहिला. बाहेरच्या माणसाला गावाची खूण सांगायची तर इटियाडोहाचे धरण सांगावे लागते, आणि खवय्याला सांगायची तर इकडची मिरची. या गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून आयुष्य काढले. गाव मला गुरुजी म्हणते. २०१९ साली मी निवृत्त झालो, आणि हाती पैसा येताच निवृत्त माणसाला जी पहिली दुर्बुद्धी सुचते ती मला सुचली. मी पक्के घर बांधायचे ठरविले.

जुन्या घराविषयी माझी तक्रार नव्हती, हे आता कळते. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे सपरी, मागे विहीर. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागत. माकडांचा एखादा तांडा येऊन गेला की पुन्हा फेरावे लागत. भिंतीचा पोपडा सुटला की आमच्या सौभाग्यवती माती कालवीत आणि संध्याकाळपर्यंत भिंत पूर्ववत होई. ते घर दरवर्षी थोडे थोडे पडत असे आणि आम्ही ते दरवर्षी थोडे थोडे उभारीत असू. यात कुणी कुणावर नोटीस बजावल्याचे मला आठवत नाही. पण शेजारीपाजारी स्लॅबची घरे उठू लागली, आणि पाहुणा आला की कवेलूकडे बघून, “गुरुजी, आता तुम्हीही उरकून घ्या,” म्हणू लागला. माणूस उन्हातान्हाला भीत नाही इतका पाहुण्याला भितो.

घरासाठी जागा घेतली ती गावाच्या कडेला, बोडीच्या खालच्या अंगाला. जमीन कन्हार. आमच्या भागात मातीला जातीवार नावे आहेत: कन्हार, मोरंड, सिहार, खरडी. त्यांत कन्हार म्हणजे काळी, चिकण, भारी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आक्रसते, तेव्हा तिच्या भेगांत मुलांच्या गोट्या हरवतात. शेजारच्या बांधीतले म्हातारेबुवा कुदळ पडताना पाहायला आले होते. ते म्हणाले, “गुरुजी, कन्हारीवर पऱ्हे टाकावे जी, घर नाही टाकू.” मी हसलो. भूगोल मी शिकवीत होतो, ते नव्हते.

ठेकेदार म्हणून जो मला मिळाला त्याचे नाव इथे सांगत नाही. गावाला ते ठाऊक आहे आणि गावाबाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. चौथीत तो माझ्या वर्गात होता. हुशार, पण घाईचा. गणिताचे उत्तर त्याला सर्वांआधी सापडे. मात्र रीत लिहायचा त्याला कंटाळा. “उत्तर बरोबर आलं ना जी?” असे विचारी. मी त्याचे पान परत करी आणि म्हणे, “रीत दाखव. रीत नाही तर गुण नाहीत.” हे वाक्य पुढे माझ्याच दारात येऊन उभे राहणार आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हते.

करार म्हणाल तर एका शाळकरी वहीत झाला. मालासकट आठ लाख पंचाहत्तर हजार रुपये, चार हप्ते. सौभाग्यवतींनी वळणदार अक्षरात सारे उतरून घेतले आणि खाली त्याची सही घेतली. त्यात तिसऱ्या ओळीवर लिहिले होते: “पाया चार फूट, मुरूम लागेपर्यंत.” ही ओळ वाचकांनी ध्यानात ठेवावी.

काम २०२० सालच्या नोव्हेंबरात सुरू झाले. धानाच्या कापणीचे दिवस. मजूर बांधीत गेलेले. बोडीचे पाणी झिरपून खड्ड्यांत साचत होते. तीन फुटांवर चिकण मातीच होती, मुरमाचा पत्ता नव्हता. तो काठावर उभा राहून म्हणाला, “गुरुजी, तीन फूट पुरे होते जी. खाली सारखीच माती आहे. उगीच पैसा कशाला जमिनीत घालता?” मी विचारले, “किती वाचतील?” “बावीस हजार तरी.” मी मान हलविली. त्या बावीस हजारांतून बैठकीच्या खोलीत चकचकीत टाइल बसल्या, ज्यांत माणसाला स्वतःचे तोंड दिसते. पाया कुणी पाहायला येत नाही. टाइल सगळे पाहतात.

वास्तुपूजा २०२१ च्या अक्षय्य तृतीयेला झाली. करोनाची दुसरी लाट चालू असल्यामुळे पाच माणसांत उरकली. ज्या पाहुण्यांच्या भीतीने घर बांधले ते कुणी येऊच शकले नाहीत.

पहिला हिवाळा सरता सरता, २०२२ च्या मार्चात, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी एक रेघ तिरपी वर गेली. “छपाईची आहे,” तो म्हणाला. एप्रिलात तिच्यात नख जाऊ लागले, मे महिन्यात रुपयाचे नाणे. त्याने माणूस पाठवून सिमेंट भरले. पावसाळा आला आणि काय नवल, भेग मिटू लागली! माती पुन्हा फुगली होती आणि तिने भिंत उचलून धरली होती. “पाहा जी, घर सेटल झालं,” तो म्हणाला आणि मीही पेढे वाटण्याच्या बेतात आलो. २०२३ च्या फेब्रुवारीत भेग परत उघडली, ती भरलेले सिमेंट सोबत घेऊन. मागचे दार चौकटीत घासू लागले. रात्री मध्येच कट् असा आवाज होई. सौभाग्यवती उठून बसत आणि नातू जिथे झोपला असेल तिथून त्याला उचलून जुन्या पलंगावर, दुसऱ्या भिंतीकडे नेऊन ठेवीत. त्या काही बोलत नसत. हे न बोलणे फार वाईट. २०२० च्या ऑगस्टात महाडात एक पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली होती. आमचे घर एक मजली होते, तरी ती बातमी त्या रात्रींतून परत परत आठवे.

गोंदियाला वकिली करणारा माझा भाचा आला. त्याने ओळखीचे एक निवृत्त अभियंते आणले. त्यांनी भिंतीजवळ खड्डा घेतला, टेप सोडली आणि काही न बोलता आकडा लिहिला: तीन फूट. जोत्याखाली काँक्रीटचा पट्टा नव्हता, भोवती पाणी बाहेर काढणारी फरसबंदी नव्हती. मुरूम पाच फुटांवर लागला. मग त्यांनी भेगेवर काचेची एक बारीक पट्टी दोन्ही टोकांना चिकटवली. “भिंत हलत असेल तर ही तुटेल,” ते म्हणाले. सात आठवड्यांत पट्टी तुटली.

आता कायद्याकडे वळू. मला वाटले होते, शहरात घर घेणाऱ्यांसाठी जो नवा कायदा झाला तो आपल्यालाही लागू असेल. २०१६ च्या त्या कायद्यात, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बांधणाऱ्याने तीस दिवसांत स्वखर्चाने तो दुरुस्त करावा, असे म्हटले आहे. पण तो मोठ्या प्रकल्पांचा कायदा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या बांधकामाला त्यात नोंदणीच नको. आपल्याच जागेवर ठेकेदाराकडून एकच घर बांधून घेणाऱ्या माझ्यासारख्याला दार होते ते ग्राहक आयोगाचे. तेही एके काळी उघडे नव्हते. घर ही काही साबणाची वडी नव्हे, असा वाद होता. १९९३ साली कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या अर्थात घरबांधणीची भर पडली. आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. गुप्ता नावाच्या गृहस्थाने पैसे भरूनही घराचा ताबा मिळाला नव्हता. न्यायालयाने सांगितले की घर बांधून देणे ही सेवा आहे, तिच्यात उणीव राहिली तर ग्राहकाला दाद मागता येते. आणि चुकणारा सरकारी संस्थेतला अधिकारी असेल तर भरपाई त्याच्या खिशातूनही वसूल होऊ शकते. त्या अनोळखी गुप्तांना केशोरीहून माझा नमस्कार.

ही कल्पना काही आजची नव्हे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कायदे कोरविले. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, आणि भिंत ढासळू लागली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी, असे त्यांत लिहिले आहे. आमच्या कौटिल्याने वास्तूचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीने सोडवायला सांगितले. म्हातारेबुवांची साक्ष काढली असती तर मी खटल्याआधीच हरलो असतो.

एवढे सगळे वाचूनही नोटीस पाठविण्याची माझी हिंमत होईना. गाव लहान. त्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही जेवलो होतो. मंडईच्या दिवशी तो भेटला की पायाला हात लावी. पण सौभाग्यवती एका सकाळी म्हणाल्या, “अहो, तुमचा संकोच तुम्ही करा, भिंत संकोच करत नाही.” तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते हे भाच्याने बजावले. २०२३ च्या मे महिन्यात तक्रार दाखल झाली. पाच लाखांपर्यंत फी नाही. माझा व्यवहार त्याच्या वरचा, म्हणून दोनशे रुपये पडले. वकील न लावताही माणसाला तिथे स्वतः उभे राहता येते.

गोंदियाची पहिली तारीख मला जन्मभर आठवेल. पहाटेची एस.टी. नवेगावबांध, कोहमारा, गोरेगाव करीत गोंदियाला जाते. मी चढलो तर गाडी भरलेली. मागून हाक आली, “गुरुजी, इकडे या जी.” विरुद्ध पक्षाने तक्रारकर्त्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती! कंडक्टरला त्याने दोन तिकिटे मागितली. मी माझे पैसे हट्टाने त्याच्या हाती कोंबले. कोहमाऱ्याला गाडी थांबली तेव्हा चहा मात्र त्याने पाजला. धान कसे आहे, बोडीत पाणी किती, वडशाचे कोणते नाटक यंदा गावात आणायचे, यावर आम्ही बोललो. घराविषयी एक शब्द नाही. आयोगासमोर मात्र त्याच्या लेखी जबाबात होते, “तक्रारकर्त्याने स्वतः खर्च कमी करण्यास सांगितले.”

ते वाचून मी संतापलो. मी सांगितले? सुचवले कोणी? पण संताप ओसरल्यावर खड्ड्याच्या काठावरची ती सकाळ आठवली, आणि माझी हललेली मान. मला प्रतिज्ञापत्र लिहायचे होते. भाचा म्हणाला, “मामा, त्याच्याजवळ कागद नाही. वहीत चार फूट लिहिले आहे, खाली त्याची सही आहे. तुम्ही मान हलवली हे सिद्ध कोण करणार? तेवढे वाक्य गाळा.” तो खोटे लिहा म्हणत नव्हता. फक्त एक पायरी गाळा म्हणत होता.

त्या रात्री मी चकचकीत टाइलांवर फेऱ्या घालीत होतो. खाली बघितले की माझेच तोंड दिसे. तीस वर्षे पोरांची पाने मी परत केली होती: रीत दाखव. ज्या पोराला ती सवय मी लावू शकलो नाही त्याच्यावर मी खटला भरला होता, आणि आता मीच पायरी गाळून उत्तर लिहिणार होतो. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. मी विचारले, “काय करू?” त्या म्हणाल्या, “वहीत अक्षर माझे आहे. चार फूट मी लिहिले. तीन कसे झाले ते मला तुम्ही कधी सांगितले नाही.” म्हणजे भेगेपेक्षा त्यांना हे अधिक लागले होते. वर्षभर त्या ज्या गप्प होत्या त्याचे कारण मला तेव्हा कळले.

मी सगळे लिहिले. चार फुटांचे तीन कसे झाले, त्याने काय म्हटले, मी काय विचारले, बावीस हजार, टाइला. भाच्याने कपाळाला हात लावला.

निकाल २०२४ च्या फेब्रुवारीत लागला. अशा तक्रारी तीन महिन्यांत संपाव्यात अशी कायद्याची अपेक्षा. आम्हाला दहा लागले, कारण मुदती आम्ही दोघांनीही मागितल्या होत्या. निकाल असा: बांधकामातले ज्ञान ठेकेदाराला असते, मालकाला नसते, मालकाने मान हलविली म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. पण लेखी अट मोडली जात आहे हे मालकाला ठाऊक होते आणि त्याने तो पैसा दुसरीकडे वापरला. म्हणून दुरुस्तीचा अंदाज एक लाख ऐंशी हजार, त्यातला एक लाख वीस हजार ठेकेदाराने आणि साठ हजार मालकाने सोसावा. बावीस हजार वाचविण्यासाठी मला साठ हजार पडले. हे गणित कुठल्याही चौथीच्या मुलाला सुटेल.

त्या दिवशी परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला नाही. पुढे, ड्रायव्हरच्या मागे उभा राहिला. जागा होती तरी. मला वाटले, संपले. वीस दिवस तो गावात दिसला नाही. रकमेऐवजी दुरुस्ती करून द्यायची मुभा निकालात होती, अभियंत्यांच्या देखरेखीखाली. एकविसाव्या दिवशी सकाळी अंगणात कुदळीचा आवाज झाला. पाहतो तो दोन मजूर आणि हा, लुंगी खोचून, स्वतः खड्ड्यात. एका वेळी चार-चार फुटांचा तुकडा मोकळा करायचा, मुरूम लागेपर्यंत खाली जायचे, काँक्रीट भरायचे, ते धरले की पुढचा तुकडा. सारा पाया एकदम उघडला तर भिंतच बसेल. त्याने कुठेच घाई केली नाही. काँक्रीटवर पोती पसरून दहा-दहा दिवस पाणी मारले. जोत्याला पट्टा घातला, भोवती उताराची फरसबंदी केली, बोडीकडून येणारे पाणी चर खणून वळविले.

शेवटच्या तुकड्याच्या वेळी त्याने मला खड्ड्याच्या काठावर बोलाविले. तीच जागा. हातातली टेप त्याने खाली सोडली आणि माझ्याकडे टोक दिले. “मोजा जी.” पाच फूट दोन इंच. तळाशी लालसर मुरूम दिसत होता. त्याने तो मुठीत घेऊन वर माझ्या तळहातावर ठेवला. “तुम्ही ते मान हलवल्याचं लिहिलं ना जी,” तो खाली बघत म्हणाला, “तसं मला नसतं जमलं.” मी काय उत्तर द्यावे? मी म्हटले, “बाहेर ये, चहा झाला आहे.”

सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. त्यांनी वही सोबत आणली होती. तिसऱ्या ओळीपुढे त्यांनी त्याच वळणदार अक्षरात लिहिले: “पाच फूट दोन इंच. मुरूम लागला.” आणि आम्हा दोघांकडूनही सही घेतली.

मृगापूर्वी अभियंत्यांनी येऊन भेग भरली आणि तिच्यावर काचेची नवी पट्टी चिकटवली. त्यानंतर दोन पावसाळे आणि एक कडक उन्हाळा गेला. या दिवाळीला साफसफाई चालली आहे. नातू स्टुलावर चढून जळमटे काढीत होता; खिडकीच्या कोपऱ्यात येताच सौभाग्यवतींनी त्याला थांबविले आणि पदराने ती काच स्वतः पुसली. बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून पाहिली. मग मला म्हणाल्या, “अहो, सांगा त्याला. पाडव्याला जेवायला ये म्हणावे. काच शाबूत आहे.”